रंगूबाईचं मानपत्र

मयूरी बर्गेच्या रागाला कधी कारण लागत नसे, आणि चौऱ्याण्णव साली तर कारणांची रासच पडली होती. कोरेगावच्या नाथाजी बर्ग्यांची ही थोरली लेक. बारावीला मराठीत कॉलेजात पहिली आली, तेव्हा बापाने चार माणसांत छाती फुगवून सांगितलं, "शिकवनार म्हनजे शिकवनारच." पण वसतिगृहाचा खर्च ऐकल्यावर छाती जागेवर आली. मग त्याला सांगलीतली आपली थोरली बहीण आठवली. एरवी ती त्याला दिवाळीलासुद्धा आठवत नसे.

ही बहीण म्हणजे रंगूबाई. सांगलीच्या मार्केट यार्डामागे तिची खानावळ होती. हमाल, ट्रकचे ड्रायव्हर, हळदीच्या सौद्याला आलेले शेतकरी असं तिचं गिऱ्हाईक. वाढता वाढता ती जेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तरी माणसं यायची, कारण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. गोड बोलणं रंगूबाईला जमत नव्हतं असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर तिला ते बोलायचंच नव्हतं.

मयूरी तिथे पहाटे पिठाच्या परातीपुढे बसायची आणि दहाला कॉलेजात जायची. केसांना धुराचा वास असायचा. शेजारी बसणारी अपूर्वा नावाची मुलगी एकदा रुमाल नाकाला लावून बसली, तेव्हा मयूरीने तिचा रुमाल ओढून खिडकीबाहेर टाकला होता. तिला फक्त बी.ए.चं हे शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं. पण गणपतीला घरी गेली तर बाप म्हणाला, "ह्ये वरीस बास झालं. सुयरीक बघतोय." हे खूळ त्याच्या डोक्यात आत्यानेच भरवलं असणार, याबद्दल मयूरीला शंका नव्हती. आत्याच तर येता-जाता म्हणायची की पोरगी मोठी झाली की बापाला घोर.

उपयोजित मराठी शिकवायला अनसूया मॅडम होत्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, आणि हळू बोलूनच माणसाला सोलून काढणाऱ्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "मानपत्र लिहून आणा." मयूरी मनात हसली. गावच्या सोसायटीच्या चेअरमनचं मानपत्र तिनेच लिहिलं होतं, निवृत्त हेडमास्तरांचंही. शाल-श्रीफळ देताना वाचलं तेव्हा हेडमास्तरांनी डोळे पुसले होते. हा तर तिच्या हातचा मळ.

"पण घरातल्या माणसाचं," मॅडम पुढे म्हणाल्या. "आणि त्यात थोर, प्रेमळ, कष्टाळू असला कौतुकाचा एकही शब्द नको. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा. लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवा. तो म्हणाला, 'हे मीच,' तर तुमचं काम झालं."

मयूरीने अटी या कानाने ऐकल्या आणि त्या कानाने सोडल्या. सांगलीत घरचं माणूस एकच. एका बैठकीत तिने लिहून टाकलं: वात्सल्याचा सागर, अन्नपूर्णेचा अवतार, त्यागाची मूर्ती, श्रीमती रंगूबाई. लिहिताना तिला स्वतःचंच हसू येत होतं, कारण तो वात्सल्याचा सागर त्या वेळी परसात एका हमालाच्या आईबापाचा उद्धार करत होता.

मॅडमनी ते भर वर्गात वाचलं. मग म्हणाल्या, "यातलं रंगूबाई काढून माझ्या सासूबाईंचं नाव घातलं तर एक अक्षर बदलावं लागणार नाही. आणि माझ्या सासूबाईंना मी चांगली ओळखते."

वर्ग हसला. अपूर्वा जरा जास्तच हसली. मयूरीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. खरं पाहिजे ना, मग घ्या खरं, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी लिहून नेलं ते असं होतं. रंगूबाई शनिवारी आमटीत पाणी वाढवतात. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, टवळे म्हणतात. माझ्या हातात पुस्तक दिसलं की भांडी पुढे सरकवतात. पूर्वी मी बाहेर वाढायला जात असे, तर जूनपासून मला आत चुलीच्या धुरात बसवलं आहे.

"आता माणूस दिसायला लागलं," मॅडम म्हणाल्या. "पण हा पंचनामा झाला. तुम्हाला काय सोसावं लागलं तेवढंच यात आहे. रंगूबाई काय करतात ते कुठे आहे? बाहेर वाढणं जूनपासून का बंद केलं?"

"त्यांची मर्जी."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

मयूरीने वही मिटली. सगळा वर्ग बघत होता.

"सांगायचं नसेल तर सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "पण लिहा."

मयूरी दार आपटून बाहेर पडली. वर्गाचं दार असं आपटल्याबद्दल दुसऱ्या कुणी तिला ऑफिसात नेलं असतं. मॅडमनी तेही केलं नाही, याचा तिला आणखीनच राग आला. काय झालं होतं ते तिला लख्ख आठवत होतं. एका ड्रायव्हरने भाकरी घेता घेता तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. आत्याने त्याचं भरलेलं ताट उचलून रस्त्यावर फेकलं आणि पळीभर कढत आमटी त्याच्या पायावर ओतली. तो बोंबलत पळाला. मग आत्या वळली आणि सगळ्यांदेखत मयूरीला म्हणाली, "तुला आत बसाय काय झालं हुतं?"

हे वाक्य मयूरीच्या काळजात रुतून बसलं होतं, आणि बसावं असंच ते होतं. हात धरला त्याने आणि बोल ऐकायचा हिने, हा न्याय ज्याने काढला त्याचं तोंड फोडावं असं मलाही वाटतं. पण त्या वाक्यापायी ताट आणि पळी ती कागदावर घ्यायलाच विसरली होती. विसरली नव्हती, खरं तर. घ्यायची नव्हती.

पुढचे आठ-दहा दिवस ती कागद फाडत होती आणि चुलीपुढे बसून आत्याकडे बघत होती. प्रेमाने नव्हे, दुस्वासाने. काहीतरी सापडावं आणि ही पीडा एकदाची टळावी म्हणून. चुलीपुढून तिला आत्याची पाठच दिसायची. शेवटचा माणूस हात धुऊन जाईपर्यंत आत्या आतल्या दाराच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसायची, हातात पळी. कोण किती भाकऱ्या खातं ते ती मोजते, अशी मयूरीची इतके दिवस समजूत होती. आता तिच्या ध्यानात आलं की आत्या ताटांकडे बघतच नाही. ती दार अडवून बसलेली असते. कुणी पाणी मागायचं निमित्त काढून आत डोकावायला आला, तर आत्या पाय लांब करायची आणि म्हणायची, "पानी भाईर हाय."

हे लिहिताना मयूरीला बरं वाटलं असं समजू नका. तिला भयंकर राग आला. हे आत्याने एकदा तोंडाने सांगितलं असतं तर काय तिची जीभ झडली असती? तरी तिने लिहिलं. पाट लिहिला, पळी लिहिली, रस्त्यावर सांडलेला भात लिहिला, आणि ते वाक्यही जसंच्या तसं लिहिलं. शनिवारचं पाणी काढलं नाही.

दुपारी आत्या डाळ निवडत होती. मयूरीने समोर उभी राहून सगळं वाचलं. आत्याने मान वर केली नाही. वाचून संपल्यावर खडा बाजूला टाकत म्हणाली, "व्हय, मीच ती. पन आमटीतल्या पान्याचं कशाला ल्हिवलंस?"

"पाहिलं म्हणून."

"आन आत बसाय काय झालं हुतं, आसं म्या म्हनले हुते?"

"म्हणालीस. सगळ्यांसमोर."

आत्या बराच वेळ डाळीत बोटं फिरवत राहिली. "म्हनले आसंन," ती म्हणाली आणि उठून पाणी भरायला गेली. चुकलं म्हणाली नाही. मयूरी तिथेच उभी राहून दात खात राहिली. मॅडमनी तर कागदाखाली नुसतं 'ठीक' लिहिलं.

दिवाळी झाली आणि बाप खंडाळ्याचे पाहुणे घेऊन थेट खानावळीत हजर झाला. मुलगा, त्याचा मामा आणि एक मध्यस्थ. लग्न माघात उरकायचं, परीक्षेचं पुढे बघू, हे येताना जीपमध्येच ठरलं होतं. मयूरीला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पोहे फिरले. बाप सुरू झाला, "पोरगी म्हंजी गरीब गाय हो. सुगरन, कामसू. शब्दाला शब्द देनार न्हाई." मयूरी ट्रे धरून उभी होती आणि ही कोणाची मुलगी असा विचार करत होती. चेअरमनच्या मानपत्रातला चेअरमनसुद्धा यापेक्षा खरा होता.

मामा हुशार होता. तो रंगूबाईकडे वळला. "आत्याबाई, तुमच्यापाशी ऱ्हाती. तुमी सांगा."

आत्याचा एक होकार, की सगळं संपलं.

रंगूबाईने पदराला हात पुसले. "बगितलंय तेवढंच सांगते. तीन हाका मारल्याबिगर उठत न्हाई. भाकरीची एक कड रोज करपती, कारन मांडीवर पुस्तक आसतं. म्या भांडी फुडं सारली तर घासती, पन आदळून घासती. शब्दाला शब्द देती. आन त्येवढ्यानं भागलं न्हाई तर त्यो शब्द कागदावर ल्हिवून माझ्या म्होरं हुभी ऱ्हाऊन वाचती. मला तोंडावर वाईट म्हनली. त्यात येक आक्षर खोटं न्हवतं."

मामाने बशी खाली ठेवली. "म्हंजी तापट हाय म्हना की."

"लय तापट. आन परीक्षा दिल्याबिगर ती कुटं जायाची न्हाई. तुमी न्हेलीसा तर पळून हिकडं यील, आन म्या दार उघडीन."

पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले. जीपचा आवाज विरला तसा नाथाजी फुटला. "आक्का, सख्ख्या भावाचं नाक कापलंस. पोरीची बदनामी केलीस. काय मिळवलंस?"

मयूरीलाही तेच विचारायचं होतं. परक्या माणसांपुढे करपलेल्या भाकऱ्या काढल्या म्हणून ती संतापली होती, आणि त्यात नाकारता येईल असं एकही वाक्य तिला सापडत नव्हतं.

"मलाबी आपल्या आबांनी गरीब गाय म्हनूनच दिली हुती, नाथा," रंगूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच भयंकर होतं. "म्या गाय न्हवते, त्ये सासरच्यांनी पैल्या म्हयन्यात वळखलं. चाबकानं मारलं मला. रातीची पळून कोरेगावला आले. दार वाजवलं. तू आत हुतास."

नाथाजीने आपली पिशवी जवळ ओढली.

"अण्णा, तुम्ही आत होतात?" मयूरीने बापाला विचारलं.

"म्या ल्हान हुतो."

"मिसरूड फुटलं हुतं तुला," रंगूबाई म्हणाली. "आतनं म्हनलास, आक्का, तुजं घर त्येच."

तो पिशवी उचलून दाराशी गेला आणि थोडा थांबला. जेवून जा असं कुणी म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. कुणी म्हणालं नाही. एरवी त्याची पिशवी स्टँडपर्यंत मयूरी घेऊन जायची. आज ती जागची हलली नाही.

एप्रिलात तिने बी.ए.ची परीक्षा दिली. बापाशी ती त्यानंतर कितीतरी महिने बोलली नाही, आणि आत्याशी रोज भांडली.