डोहावरची जाळीबंदी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी बाळापूरजवळच्या आमच्या गावात नदीकाठ कोणी शिल्लक ठेवला नाही. मीही झुडपं तोडून पार पाण्यापर्यंत नांगर घातला. दोन पावसाळ्यांत डोहातले मासे कमी झाले. चावडीवर पाटलांनी निकाल दिला: डोहात जाळी भोई टाकतात, तेव्हा मासे त्यांनीच संपवले. जाळी बंद.

म्हातारा भोई एवढंच म्हणाला, "पाटील, आमचे बापजादे याच डोहात जाळं टाकत आले. तवा मासे काहून नाई सरले?"

मला उत्तर ठाऊक होतं. पुरुषभर पाण्याचा डोह आता माझ्या गुडघ्याला लागत होता आणि पायाखाली माझ्याच शेताची काळी माती होती. मी सुपारी चघळत बसलो.

भोई अमरावतीला कापसाच्या गाठी वाहायला निघून गेले. पुढच्या वर्षीही मासे दिसले नाहीत, तेव्हा पाटील म्हणाले, "चोरून मारून राहिले." गावात एकही भोई उरला नव्हता. तरी मी मान हलवली. ना राग आला, ना लाज.

त्यापुढच्या हंगामात डोहाच्या जागी कपाशी उभी होती. पेरली मीच.