चहाला गेलेली गिऱ्हाइकं

बाबांच्या हाताला गुण होता, असं तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस सांगत होता. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, कोणत्या हाताला?

कालव्याकाठच्या फाट्यावर आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज. पुढं गॅरेज, मधे ताडपत्री, मागं दोन खोल्यांचं घर. हट्ट्यापासून शिरड शहापूरपर्यंतचे ट्रॅक्टर बाबांकडं यायचे. बाबा होतेही तसेच. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगायचे. आणि घरात एवढे मऊ, की आईला ताप आला तर भाकरी स्वतः थापायचे. मी शाळेतून आले की मला इंजिनापाशी घेऊन बसायचे. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची बारीक फट, सेट करायला त्यांनीच शिकवलं. फटीत गेजची पातळ पोलादी पत्ती सारायची. ती सहज निघाली तरी चूक, निघालीच नाही तरी चूक. जराशी अडून निघाली पाहिजे. ते माझं बोट धरून ती अडण्याची जागा दाखवायचे. त्या वयात याहून मोठा लाड मला माहीत नव्हता.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी कप बशीवर वाजायचा, पुढं पत्ती फटीत जाईना. एका सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांनी ती तीनदा पाडली. त्यांनी त्याला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं, ताडपत्री वर केली आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. मी आले, टॅपेट सेट केलं, आत गेले. गिऱ्हाईक परतलं तेव्हा बाबा फडक्यानं हात पुसत बसले होते.

त्यानंतर नऊ वर्षं हेच. गिऱ्हाइकानं चहाला जायचं आणि मी बाहेर यायचं. फाट्यावर कुणाच्याच लक्षात आलं नाही, यावर माझा विश्वास नाही. पण न बघण्यात सगळ्यांचीच सोय होती. एकदा मी म्हटलं, आता लोकांसमोरच करते. बाबांनी आधी ताडपत्री खाली ओढली. मग म्हणाले, "लोकायला कळलं तर गिऱ्हाईक बी जाईल अन् तुझी सोयरीक बी."

सोयरीक काही आली नाही. गिऱ्हाईक मात्र वाढत गेलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्या भावाला बोलावून घेतलं. तो वसमतला मोबाइलच्या दुकानात कामाला. पाना कोणत्या बाजूनं फिरवायचा तेही त्याला सांगावं लागतं. मी खाटेपाशी उभी होते. वाटलं, आता तरी म्हणतील. बाबांनी गॅरेजची किल्ली त्याच्या हातात दिली.

"गॅरेज तुझं. आडलं तर हिला इचारत जाय."

पान्यांच्या पेटीबरोबर त्यांनी मलाही देऊन टाकलं. आणि वर माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं, की मला भांडताही आलं नाही. त्या मायेचा मला अजून राग येतो.

तेराव्याला भावाच्या डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर टॉवेल. पंगतीत एक म्हातारे शेतकरी शेजाऱ्याला सांगत होते, "दिवाळीला मिस्तरीनं हात लावला, अजून इंजन बराबर चालून राहिलं. अन् माणूस कसा? चहा पाजल्याबिगर पान्याला हात लावत नव्हता."

ते इंजिन मला चांगलं आठवत होतं. वरणाची बादली घेऊन मी त्यांच्याच पानासमोर उभी होते. सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात आत्यानं माझ्या हातातली बादली काढून घेतली. दहावा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी भावानं एक डिझेल पंप ताडपत्रीमागं आणून ठेवला होता. त्याचं काळं माझ्या नखांत तसंच होतं, ते तिला दिसलं.

"बाई, आधी हात घास," ती हळूच म्हणाली. "लोक म्हणतील, मिस्तरीच्या लेकीला वळण न्हाई."

पंगतीत बाबांच्या हातांचं कौतुक चालूच होतं. मी मोरीत बसून ते हात घासत होते.