काकांचं जवळचं जग

जगातलं कुठलंच शहर लांब नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि त्याला डोंबिवलीबाहेर पाऊल टाकायचं जिवावर येई. हे आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले काका. रेशनिंगच्या कचेरीत कारकुनी, डोक्यावर काळी टोपी आणि भिंतीवर कुठल्याशा विमान कंपनीच्या कॅलेंडरातला जगाचा नकाशा. कुणी लंडनचं नाव काढायचा अवकाश, काका सदऱ्यातून जानवं बाहेर ओढत, अंगठ्याने मुंबईवर दाबत, लंडनपर्यंत ताणत आणि बोटाच्या पेरांनी मोजून विमानाला किती तास लागतील ते सांगून टाकत. "जवळच आहे हो!" हा निकाल ठरलेला. आतून काकू ओरडत, "अहो, जानवं आहे ते, फूटपट्टी नव्हे!" टोकियो जवळ, न्यूयॉर्क जवळ, लांब फक्त ठाणं. टेंभी नाक्यावरच्या मेहुण्यांनी नवरात्रात बोलावलं, की म्हणत, "एवढ्या लांब कोण तडफडणार?"

त्यांची एकुलती एक कुसुम लग्न होऊन नैरोबीला निघाली, तेव्हा काकूंच्या डोळ्यांचं पाणी खळेना. काकांनी जानवं ताणलं. "अगं, जवळच आहे. पहाटे उडाली की दुपारच्या चहाला आपल्या घरी!" जानवं दोनदा हातातून निसटलं, ते मात्र मी पाहिलं.

पहाटे सांताक्रूझला तिला निरोप देऊन आम्ही परतलो. प्रवासाला गेलेलं माणूस पोचेपर्यंत घरातला केर काढायचा नाही, ही आपली जुनी रीत. काका या रीतीची नेहमी टिंगल करत, पण काकू केरसुणीला हात लावेनात. दुपारी काकांनी पुन्हा मोजून जाहीर केलं, "पोचली! काढ आता केर." काकूंनी घर झाडून लख्ख केलं.

दिवेलागणीला ठाण्याचे मेहुणे आले. "पोचली कसली? विमान कराचीला थांबतं, रात्री एडनला मुक्काम. उद्या पोचेल."

जानव्याला मधले थांबे कुठून कळणार? काकू मटकन खाली बसल्या. "पोर वाटेत असताना मी घर झाडलं हो!"

काका उठले. मागीलदारचा केराचा डबा उचलून आणला, गुडघे टेकले आणि मूठमूठ केर घरभर परत पसरू लागले. शेंगांची टरफलं, कागदाचे कपटे, कुसुमच्या गजऱ्यातली सुकलेली फुलं. मला हसू येत होतं, पण हसवेना. शेवटी डबा उपडा करून दाखवत ते काकूंना म्हणाले, "बघ, सगळा घातला. काही राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सुखरूप पोचल्याची तार आली. काकूंनी केर काढला. काकांनी मात्र नकाशाला पुन्हा जानवं लावलं नाही. कुणी लंडनचं विचारलंच, तर "विमान कंपनीत विचारा" म्हणून मोकळे होत. एकदा त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मीच म्हटलं, "काका, नैरोबी तसं जवळच, नाही का?"

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "नाही रे," म्हणाले, "फार लांब आहे."

काकांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या घरातून कुणी प्रवासाला निघालं, की मी केर काढू देत नाही. पोचल्याचं कळलं, तरी थोडा वेळ तसाच राहू देतो.