झाकणाची भट्टी

दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. काकू पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. गल्लीत त्यांना 'शंकासुर' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. काकूंना त्याचाही संशय होताच.

काकू रंगीत काचा जुळवून खिडक्यांची तावदानं करायच्या. काच कापायची आणि मांडायची त्यांनी, भाजायची यजमानांनी, स्वतः बांधलेल्या विटांच्या भट्टीत. तिचं तोंड दर खेपेला विटा रचून लिंपून टाकायचे, त्यामुळे ती पुरती गार होईपर्यंत कुणाला डोकावायची सोयच नव्हती. यजमान गेले आणि मागोमाग त्या भट्टीनेही मान टाकली.

विजेची नवी भट्टी घ्यायला गेल्या, तेव्हा काकूंनी दुकानदाराला घाम फोडला. आतल्या विटा नखाने खरवडल्या, दाराच्या फटीत कागद सरकवून पाहिला.

"हीच घ्या, काकू," दुकानदार म्हणाला. "गार झाल्याशिवाय हिचं दार उघडतच नाही."

"म्हणजे आत काय चाललंय ते मला कळायचंच नाही? पाणी मुरतंय कुठेतरी! ती वरच्या झाकणाची दाखवा. तिचं झाकण केव्हाही उचलता येतं ना?"

"येतं, पण उचलायचं नाही. गरम काचेला वारा लागला की ती तडकते."

"माझा जन्म गेला काचेत. मला शिकवू नका."

झाकणाची भट्टी घरी आली. पहिलं तावदान तडकलं. दुसरंही. काकूंनी आधी विजेवर खापर फोडलं, मग काचवाल्यावर आणि शेवटी सुनेवर. भट्टीच्या खोलीत केर काढायला तीच जायची, शिवाय विचारलं की खाली बघायची. एवढा पुरावा काकूंना पुष्कळ झाला. त्यांनी लेकाला बजावलं, "पुन्हा तडा गेला, तर बायकोला घेऊन वेगळं बिऱ्हाड कर."

सून म्हणाली, "आई, या वेळी तुम्ही भट्टी लावा, मी माहेरी जाते. घरात नसलेच तर प्रश्नच नाही."

आता ही पळतेय का, असं काकूंच्या मनात आलंच. पण सून गेली. लेक कामावर गेला. काकूंनी घराला आतून कडी घातली आणि भट्टी लावली. काच वितळून एकजीव झाली, मग भट्टीच्या मीटरवरचा तापमानाचा आकडा हळूहळू उतरू लागला. काकू समोर स्टूल टाकून बसल्या. आकडा उतरतोय, पण खरा कशावरून? सून जाता जाता आत काही करून तर गेली नसेल? एवढी बोटभर फट केली तर काय बिघडतंय? तेवढी तर मागच्या दोन्ही खेपांना त्यांनीच केली होती, नुसती खात्री करायला.

त्यांनी जाड हातमोजे चढवले आणि झाकण जरासं उचललं.

टण्ण!

घरात दुसरं चिटपाखरूही नव्हतं. दोष द्यायला कुणी सापडतंय का, म्हणून काकूंनी खरोखर चारही बाजूंना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सून आली. दारातूनच तिने विचारलं, "अखंड निघालं?"

"तडकलं."

सुनेचा चेहरा उतरला. हातातली पिशवी तिने खाली ठेवलीच नाही. "बरं. बाकीचं सामान भरते मग."

"थांब." काकू म्हणाल्या. "मीच उघडलं झाकण. आधीचीही दोन्ही माझ्याच हातून गेली."

"माहीत आहे मला. दोन्ही वेळा दारातून पाहिलं होतं मी."

"अगं, मग बोलायचं नाही? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बोलले असते, तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

यजमान गेले तेव्हाही काकू लोकांसमोर रडल्या नव्हत्या. आता मात्र त्या स्टुलावर बसल्या आणि सुनेदेखत त्यांना रडू फुटलं.

"नसतं वाटलं गं," त्या म्हणाल्या.