मांडलेलं टेबल

तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. वीसेक वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती, तेव्हाचं नाव चिकटलेलं. पुढे ती पाळकपण शिकायला सेमिनरीत गेली, तिथे दोन नन शिकत होत्या, त्यामुळे कुणी ‘सिस्टर’ अशी हाक मारली की तीन माना वळायच्या.

पंचेचाळिशीत नोकरी सोडून ती चर्चची पाळक व्हायला निघाली. स्कूलबस चालवणारा नवरा म्हणाला, “जा. नाहीतर जन्मभर माझं डोकं खाशील.”

सेमिनरी सगळ्या ख्रिस्ती पंथांची मिळून होती. पहिलं वर्ष बायबलच्या ग्रीक क्रियापदांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी उपासना शिकवणाऱ्या मॅडमनी चौघांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला सांगितलं, “चॅपेलमध्ये अर्ध्या तासाची उपासना घ्या. चौघांची मिळून.”

सिस्टरच्या गटात एक दाढीवाला तरुण डिकन होता, धर्मगुरूच्या एक पायरी खालचा. त्याच्या प्राचीन पंथात धूप, घंटा, शेकडो वर्षं जुन्या प्रार्थना. दुसरा ड्रमवाला, लिहून आणलेली प्रार्थना म्हणजे त्याला शिळी भाकरी. तिसरे निवृत्त मास्तर. त्यांच्या पंथाची मंडळी उपासनेत नुसती मौन धरून बसायची. आणि ही, दर चार ओळींनी प्रार्थनापुस्तक उघडणारी.

पहिली बैठक मेसमध्ये झाली.

“धुराने मला खोकला येतो,” ड्रमवाला म्हणाला.

“आणि तुझ्या ढोलाने माझे देवदूत पळतात,” डिकन म्हणाला.

सिस्टर म्हणाली, “मास्तर, तुम्ही तरी बोला.”

“मी बोलू लागलो तर मौन कसं होणार?”

सिस्टरने कपाळाला हात लावला. मग तिने वॉर्डात करायची तेच केलं: ज्याची ॲलर्जी ते बंद. धूप नको, ड्रम नको, मौन नको, पुस्तक नको. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून घ्यायचं प्रभुभोजन तर नकोच, कारण डिकनला दुसऱ्या पंथाच्या लोकांसोबत भाकर आणि प्याला घेण्याची मुभा नव्हती.

उरली दोन गाणी आणि एक वाचन. अर्ध्या तासाची उपासना पाव तासात उरकली. मागच्या बाकावरचा एकजण सरळ घोरत होता.

मॅडम म्हणाल्या, “कुणाला काही टोचलं नाही. पण कुणाला काही मिळालं का? पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या.”

सिस्टर तडक बाहेर पडली आणि नवऱ्याला फोन लावला. “भांडण टाळता टाळता भक्तीच टळली, म्हणे मी नापास!”

“अगं, तू तर मोठ्या डॉक्टरांना झापायचीस. तिथे का मांजर झालीस?”

“तिथे समोर पेशंट असायचा. इथे जो तो देवाचा वकील!”

“मग ये परत.”

“परत कशाला येऊ? भरलेली फी काय तुझी बस परत देणार?” तिने फोन आपटला.

दुसऱ्या बैठकीत तिने कुणाला काही विचारलंच नाही. “प्रत्येकाने आपलं पुरेपूर करायचं. बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता उभं राहायचं. आणि प्रभुभोजनाचं टेबल मांडायचं.”

डिकन हळू आवाजात म्हणाला, “ताई, मी तुमच्यासोबत घेऊ शकत नाही. मन नाही असं नाही. पण नाही.”

“मग कुणीच घ्यायचं नाही. पण मांडायचं. झाकून ठेवायला तो काय गुन्हा आहे?”

त्या दिवशी धुराने ड्रमवाला खरंच खोकला आणि ड्रमने चॅपेलच्या काचा हादरल्या. मास्तरांच्या मौनात लोक चुळबुळत राहिले. शेवटी सिस्टर टेबलामागे उभी राहिली. पांढरा कपडा, भाकर, प्याला.

“आमचं एकमत झालं नाही,” ती म्हणाली. “म्हणून हे असंच राहील.” तिचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं गहिवर. तो शुद्ध संताप होता.

मॅडमनी पास केलं. पण बातमी तिच्या चर्चच्या मंडळीपर्यंत पोचली, तिखटमीठ लावून. भाकर मांडली आणि कुणाला दिली नाही, हा प्रभूच्या भोजनाचा अपमान नाही का, असं चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी विचारलं. खुलासे देता देता ती थकली. शिक्षण पुरं झालं तरी पाळक म्हणून तिची दीक्षा वर्षभर पुढे ढकलली गेली. त्या वर्षात ती मंडळीच्या आजारी माणसांना भेटत हिंडली, आणि घरी येऊन भांडी आदळत राहिली. नवरा मुकाट्याने बशा पुसायचा.

दीक्षेच्या दिवशी तिघेही आले. ड्रमवाला रडला. मास्तरांनी तिचा हात धरून ठेवला. डिकन शेवटच्या बाकावर होता. प्रभुभोजनाची वेळ आली तसा उठून बाहेर गेला. तिने वेदीवरून पाहिलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

जेवणाच्या रांगेत तो परत आला, तेव्हा ती वाढत होती.

“आजही गेलास ना उठून?”

“ताई, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणूनच चीड येते. माहीत नसतं तर माफ केलं असतं.”

त्याने ताट पुढे केलं. मागे रांग खोळंबली होती. तिने त्याच्या ताटात दोन डाव जास्तच वाढलं आणि म्हणाली, “सरक पुढे. आणि टाकू नकोस काही.”