एका पत्त्यावरचे दोन पंप

सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या सोसायटीचा दोन नंबरचा पंप सुरू झाला. तो सुरू करायला कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी पंपचालक दत्तोबांचा उजवा हात त्याच्या शाफ्टवर, मोटार फिरवते त्या दांड्यावर, होता.

पंपाचा जो आवाज तुम्ही-आम्ही घरात बसून ऐकतो, तो भिंतीतून गाळून आलेला, निरुपद्रवी असतो. जमिनीखालच्या पंपखोलीच्या जिन्यात तो आधी तळपायांना कळतो, मग कानांना. मी मधल्या पायरीवर उभा होतो. वरच्या खोलीतल्या स्क्रीनवर काय चाललंय ते खाली ओरडून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. मी एका मोटारीच्या आवाजाची वाट पाहत होतो. दोन आले.

दत्तोबा लोणी काळभोरचे. वाघोलीतल्या आमच्या तीन इमारतींना पाणी चढवणारे हे पंप ते वर्षानुवर्षं हाताने बटण दाबून चालवत. आता दोन्ही पंपांना नवे कंट्रोलर बसले होते आणि एकाच वायरने ते स्क्रीनला जोडले होते. वायर एक, म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता हवा. हुकूम दोघांनाही ऐकू जातो. ज्याचा पत्ता पुकारला, त्यानेच हलायचं. किती साधी, शिस्तशीर व्यवस्था!

इंजिनिअर अश्विनीताईंनी पहिल्या कंट्रोलरमध्ये स्क्रीनशी संभाषणाचा वेग, पत्ता एक, आणि मोटारीने झटका न देता वीस सेकंदांत हळूहळू गती घ्यावी ही मंद सुरुवात, असं सगळं एकेक करून भरलं. तेच पुन्हा भरत बसण्याऐवजी दुसऱ्यात त्यांनी पहिल्याची नक्कल उतरवली. पत्ता तेवढा बदलायचा राहिला होता. तेव्हाच मी त्यांना विचारलं, पाणी किती वाजता सुटेल. त्यांनी उत्तर दिलं आणि त्या जिना चढून वर गेल्या.

दत्तोबा एरवी फ्यूज काढल्याशिवाय पंपाला हात लावत नाहीत. त्या दिवशी कंट्रोलर चालू राहायला हवे होते, म्हणून फ्यूज जागेवर होते. दोन नंबरची जाळी काढून त्यांनी गळती थांबवणारी दोरी भरली होती, आणि शाफ्ट मोकळा फिरतो का, ते हाताने पाहत होते.

"मॅडमना सांगा, मी दोनावर हाय," ते म्हणाले.

मी वर सांगितलं. अश्विनीताई म्हणाल्या, "काकांना म्हणावं, निवांत असा. दोनला आज कोणी विचारतसुद्धा नाहीये."

स्क्रीनवर एक नंबरचं उत्तर येत नव्हतं. दोन्ही कंट्रोलर एकाच पत्त्यावरून एकदम बोलत होते, म्हणून कोणाचंच कळत नव्हतं. हे आम्हाला नंतर समजलं. उत्तर नाही तर नाही, पंप फिरतो का पाहू, असं म्हणून अश्विनीताईंनी एक नंबरला चालू करण्याचा हुकूम सोडला.

हुकूम आणि हात यांच्यामध्ये किती अंतर असतं? बातमीत अशा जागी मी आयुष्यभर 'काही क्षणांत' असं लिहीत आलो. त्या पायरीवर मला तो क्षण संपेना. दिव्याच्या उजेडात दत्तोबांची पाठ दिसत होती, हात दिसत नव्हता. मग "बंद!" असा आवाज आला, तो माझा होता, असं अश्विनीताई सांगतात.

दोन्ही पंप थांबले. दत्तोबा वळले नाहीत. मी चार पायऱ्या उतरलो, पुढच्या उतरवेनात.

"अहो, खाली या की," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "मला बघवंना. तुम्ही मोजा."

मी मोजली. बोटं पाच होती. मधल्या बोटाचं नख उखडलं होतं. शाफ्टने जेमतेम अर्धा फेरा घेतला होता. पत्ता आणि मंद सुरुवात, दोन्ही एकाच नकलेतून आली होती.

अश्विनीताईंनी खाली येऊन दुसऱ्या कंट्रोलरचा पत्ता दोन केला. हे करताना त्यांनी तो आकडा तीनदा मोठ्याने वाचला. सव्वाअकराला एक नंबरला पुन्हा हुकूम गेला. स्क्रीनवर उत्तर आलं. दत्तोबांनी उजवा हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता. डाव्या हातात बॅटरी घेऊन त्यांनी भिंतीला टेकून दोन नंबरच्या शाफ्टवर उजेड टाकला.

शाफ्ट फिरत नव्हता.