मांजर बरी हिच्यापरीस

सोलापूर स्टेशनात मला सोडायला आलेल्यांत सगळ्यात मागे अक्का उभी होती, पाण्याच्या नळाशी, जणू दुसऱ्याच कुणासाठी आली आहे अशी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घरून निघताना आईने औक्षणाचं ताट केलं आणि ते शेजारच्या काकूंच्या हातात दिलं. अक्काचा नवरा बार्शीत धडधाकट होता, पण त्याने तिला माहेरी पाठवून दिलं होतं. अशा बाईने परदेशी निघालेल्याला ओवाळू नये, असं आईला वाटलं. मी काकूंपुढे कपाळ केलं. अक्का तेव्हा आतल्या खोलीत माझ्या भाकरी फडक्यात बांधत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

गाडी हलायच्या आधी अण्णा खिडकीशी आले. "जा आता. हितलं काय डोक्यात घिऊन बसू नगंस."

मी तेच घेऊन बसलो. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेले ते सांगतात, की आम्ही गावची माया घेऊन गेलो, आईच्या हातची चव घेऊन गेलो. नेली असेल. मी राग नेला. तो मला परक्या देशात फार उपयोगी पडला, थंडीत तर जास्तच.

अण्णा मंगळवेढ्याकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून सोलापूरच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर कामाला लागले होते. तिथल्याच ओळखीतून अक्काला बार्शीच्या आडत दुकानदाराचं स्थळ आलं. आमच्या मानाने फार मोठं घर. काही वर्षं मूल झालं नाही, तेव्हा निरोप आला, मुलीला घेऊन जा. अण्णांना यार्डात त्या दुकानदाराच्याच माणसांत रोज उभं राहायचं होतं. म्हणून अक्काला आणायला ते स्वतः गेले नाहीत, मला बार्शीला पाठवलं. मी तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो.

अक्का पिशवी भरत होती आणि तिची सासू उंबऱ्यात बसून समोरच्या बाईशी बोलत होती, पण बोलणं आमच्यासाठी होतं. "मांजर बरी गं हिच्यापरीस. वर्सातनं दोनदा व्याती तरी!"

समोरची बाई हसली. दाजी ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. आणि मी, अक्काची पिशवी खांद्याला लावून, वाकून त्यांच्या पाया पडलो. कुणी सांगितलं नव्हतं. दाजींच्या घरातून निघताना पाया पडायचं असतं, एवढंच अंगवळणी पडलेलं. एसटीत अक्का सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. ती रडली नाही. उतरताना म्हणाली, "पाया कशाला पडलास रं त्याच्या?"

 याचं उत्तर मी नंतर आयुष्यभर शोधत बसलो.

जर्मनीत संशोधनाला जागा मिळाली तेव्हा मला तीन विषय पुढे ठेवले होते. गाईंचा विषय सोपा होता, पुढे नोकरीलाही बरा. मी मांजर घेतली. मुलाखतीत मी रानमांजरांच्या नष्ट होत चाललेल्या जातींबद्दल बोललो, आणि त्यांच्यासाठी घरातल्या मांजरीवर आधी अभ्यास व्हायला हवा, हेही पटवून दिलं. ते सगळं खरंच होतं. पण बोलताना डोळ्यांपुढे बार्शीचा उंबरा होता.

काम असं. शहरातल्या दवाखान्यांत पाळीव मांजरींची पिल्लं बंद करायची ऑपरेशनं होतात. त्यात काढलेले अंडाशय बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे यायचे. अंडाशय तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असतो. बीज सुटून गेलं की त्या जागी पिवळसर गाठ तयार होते. पीतपिंड म्हणतात तिला. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तिथल्या पेशी तयार करतात. ती गाठ बारीक चिरायची, औषधाने पेशी एकमेकींपासून सोडवायच्या, गाळायच्या आणि काचेसारख्या स्वच्छ डिशमध्ये खाऊपाणी घालून मांजरीच्या अंगाइतक्या उबेत ठेवायच्या. याला कल्चर म्हणतात. जिवंत राहिल्या तर त्या डिशच्या तळाला चिकटतात आणि मांजरीच्या पोटाबाहेरही आपलं काम करत राहतात. आम्ही त्यांच्यावरचं पाणी काढून त्यांनी किती संप्रेरक सोडलं ते मोजायचो.

फोनवर आईला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी विरजण लावतूस की! मांजराच्या पोटातलं?" पलीकडून अण्णांचा आवाज आला, "एवढं शिकून मांजरं धरतंय व्हय हे?" अक्काने मात्र फोन घेऊन विचारलं, "मांजरच का रं?" मी म्हणालो, अशीच मिळाली.

त्या कामात मला माझं हत्यार सापडलं. मांजरीचं बीज आपोआप सुटत नाही, बहुतेक वेळा बोका आल्यावरच सुटतं. आणि बोका नापीक असला तरी सुटतं. मग पीतपिंड तयार होतं, पेशी काही आठवडे संप्रेरक गाळत राहतात, सगळं शरीर पिल्लांची तयारी करतं, आणि पिल्लू येत नाही. मांजरीकडून काहीही कमी पडलेलं नसतं. पहिल्यांदा अशा मांजरीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्या तुपाच्या कणांसारख्या थेंबांनी गच्च भरलेल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी बार्शीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, फार वाईट झालं. मग थोडं थांबून तिने विचारलं, इन्क्युबेटरचं दार नीट लावलंस ना?

तिची चूक नव्हती. तिच्या देशात माझा वैरी राहत नव्हता.

वर्षं गेली. दाजींनी दुसरं लग्न केलं. तिथेही मूल झालं नाही, आणि हे मला अण्णांनी नाही, यार्डातल्या तिघाचौघांनी आनंदाने कळवलं. अण्णा गेले, मग आई गेली. अक्का सोलापुरात शिवणाचा क्लास चालवते, आता तिच्या हाताखाली दोघी आहेत. गेल्या खेपेला मी आलो तेव्हा बार्शीच्या एका कॉलेजाने व्याख्यानाला बोलावलं. फाटकावर बोर्ड होता : 'जगप्रसिद्ध वंध्यत्व तज्ज्ञ'. मी प्राचार्यांना म्हणालो, "अहो, मांजरींचा!" ते म्हणाले, "आसू द्या की सर. तेवढीच गर्दी हुती."

शाल-श्रीफळ द्यायला संस्थेतर्फे पुढे आले ते दाजी. केस पांढरे, पोट सुटलेलं. मी ठरवून गेलो होतो की कडू काही बोलायचं नाही. इतक्या वर्षांनी काय उकरायचं? शाल खांद्यावर टाकताना ते माझ्या कानाशी वाकले. "या मेव्हणं! लई मोठ्ठं झाला की."

मेव्हणं. बहीण पाठवून दिली आणि नातं ठेवून घेतलं होतं त्यांनी, शाल पांघरायला.

मी मांजरींवर बोललो. नापीक बोक्याची गोष्ट सांगितली, पेशींचे फोटो दाखवले. मग पहिल्या रांगेकडे बघून म्हणालो, "घरात पिल्लं येईनात म्हणून मांजर बदलणारे लोक मी पुष्कळ बघितले. बोका बदलून बघणारा अजून भेटायचाय."

 मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसला. बार्शीत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दाजींचा चेहरा आधी हसरा होता, कारण विनोद झालाय एवढंच त्यांना कळलं होतं. नंतर मागचे लोक आपल्या पाठीकडे बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं. ते हसू कसं उतरलं ते मी पूर्ण पाहिलं. मला गोड वाटलं. मी इथे खोटं लिहिणार नाही.

चहाच्या वेळी एक बाई माझ्यापाशी आली. डोक्यावर पदर, वय अक्कापेक्षा कमी. म्हणाली, "भाऊ, मी धाकटी. तेंची." ती हॉलमध्ये असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "त्या मांजरीत खरंच काय कमी नसतंय?"

"नसतं," मी म्हणालो.

"मग माझ्यात बी नसंल?"

आता सांगतो ते मला जड जातं. मला माहीत नव्हतं. कुणाचीच कधी तपासणी झाली नव्हती, ना अक्काची, ना हिची, ना त्यांची. मी मांजरींच्या पेशींवरून माणसावर निकाल दिला होता, भर सभेत. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. मी चाचरत म्हणालो, दोघांनी तपासून घ्यायला हवं होतं.

"ते कुटं येत्यात!" ती म्हणाली. "आणि आज घरी गेल्यावर तुमचं बोलणं मलाच ऐकायचंय की." तिने माझा रिकामा कप हातातून घेतला आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

सोलापूरला पोचलो तेव्हा अक्का शिवणाच्या मशिनवर होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. तिने पायडल थांबवलं. "खरंच बोका म्हणलास?"

"म्हटलं."

"त्यो समोर असताना?"

"पहिल्या रांगेत."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग मला समोर बसवलं. "सुरवातीपासनं सांग. शाल कुणी घातली, तितनं." मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी थोडं वाढवून सांगितलं, दाजींच्या हातातला नारळ पाडला. तिला कळलं, पण तिने अडवलं नाही. क्लासच्या पोरी दारातून बघत होत्या, या दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या भावंडांना एवढं काय झालं म्हणून.

आईअण्णा नाहीत, यार्डाजवळची आमची खोली दुसऱ्या कुणाची आहे, आणि पासपोर्टवर माझा पत्ता परका आहे. मला कुणी विचारलं की आता घर कुठलं, तर मी अक्काच्या मशिनसमोरची ती चटई सांगेन. माझा वैरी कोण हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. जे गेलात त्यांना विचारतो, तुम्हाला तिकडे असं कुणी भेटलं का, जे तुमच्या रागाच्या बाजूला येऊन बसेल?

तिन्ही वेळा मी चहाच्या आधी थांबलो. धाकटीचं अक्काला अजून सांगितलेलं नाही.